लिपिड हलतं, प्रोटीन हलत नाही: सपोर्टेड बायलेयरवर नव्याने येणाऱ्यांसाठी

नुसत्या लिपिडचा बायलेयर (पेशीच्या पटलासारखा लिपिडचा दुहेरी थर) काचेवर बसवणं, म्हणजे सपोर्टेड बायलेयर करणं, आठवड्याभरात जमतं. पीओपीसी या लिपिडची वेसिकल्स (लिपिडचे सूक्ष्म पोकळ गोळे) १०० किंवा ५० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून काढा, १५० मिलिमोलर मिठाच्या बफरमध्ये ताज्या प्लाझ्मा दिलेल्या (प्लाझ्माने नुकत्याच स्वच्छ केलेल्या) काचेवर अर्धा तास ठेवा, वेसिकल्स फुटून थर पसरतो, भरपूर धुवा. धुताना क्षणभरही हवा लागली की थर गेलाच. कालची प्लाझ्मा दिलेली काच आज वापरून वेळ वाचत नाही, उलट दिवस जातो.

खरी गोची बायलेयरमध्ये पटलातलं प्रोटीन आल्यावर. बायलेयर आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो जेमतेम १-२ नॅनोमीटरचा. प्रोटीनचा बाहेर आलेला भाग ५ नॅनोमीटरचा असेल तर तो काचेला टेकतो, चिकटतो, कधी उलगडतोही. लिपिडला याचं काहीच सोयरसुतक नसतं. टेक्सास रेड हा चमकणारा डाय लावलेल्या लिपिडचं फ्रॅप केलं (लेझरने एका जागेची चमक घालवून तो काळा डाग परत भरतो का ते बघितलं) की डाग छान भरून येतो, डिफ्यूजन १ ते ५ चौरस मायक्रोमीटर प्रति सेकंद निघतं आणि ग्रुप मीटिंगमध्ये सगळे खूश. पण तो आकडा लिपिडचा! प्रोटीनला वेगळ्या रंगाचा डाय लावा आणि त्याचं स्वतंत्र फ्रॅप करा. लिपिड भरलं आणि प्रोटीनचा डाग काळाच राहिला, तर प्रोटीन काचेला अडकलंय. दोन्ही काळे राहिले, तर प्रोटिओलिपोसोम (प्रोटीन बसवलेली वेसिकल्स) फुटलेच नाहीत, नुसते चिकटून बसलेत. प्रोटीन जास्त भरलं की हे हमखास होतं. क्यूसीएम-डी (कंप पावणाऱ्या क्वार्ट्झवर बसलेल्या थराचं वजन फ्रीक्वेन्सीतल्या बदलावरून आणि मऊपणा डिसिपेशनवरून सांगणारं यंत्र) असेल तर खात्री लगेच होते: फ्रीक्वेन्सी उणे २५ हर्ट्झच्या आसपास थांबून डिसिपेशन जवळपास शून्यावर आलं तर बायलेयर. फ्रीक्वेन्सीतली घट आणि डिसिपेशन दोन्ही बरंच जास्त राहिलं तर अखंड वेसिकल्स.

प्रोटीन हलत नाही म्हणजे तुमचा हात वाईट असं नाही, हा भूमितीचा प्रश्न आहे. वेसिकल्समध्ये पेग-२००० (एक लवचिक पॉलिमर) जोडलेलं लिपिड घाला, १ मोल टक्क्यापासून हळूहळू वाढवत; ते बायलेयर आणि काच यांच्यामध्ये उशीसारखं बसतं. फार झालं तर वेसिकल्स काचेवर फुटतच नाहीत. उशी देऊनही काही प्रोटीन अडकलेलं राहतंच. शंभर टक्के रिकव्हरी दाखवणाऱ्या आलेखाकडे मी तरी संशयाने बघतो.

प्रोटीन वेसिकल्समध्ये बसवताना वापरलेलं डिटर्जंट नंतर काढावं लागतं. त्याबद्दल गाइड ‘रात्रभर डायलिसिसला लाव’ म्हणाले तर आधी कुठलं ते विचारा. ऑक्टिल ग्लुकोसाइडचं सीएमसी (ज्या प्रमाणाच्या वर डिटर्जंटचे रेणू एकत्र येऊन मोठे गोळे बांधतात, जे डायलिसिसच्या पडद्यातून सहज जात नाहीत) २० मिलिमोलरच्या वर, ते निघून जातं. डीडीएम या डिटर्जंटचं ०.१७ मिलिमोलरच्या आसपास, ते हटत नाही. तिथे बायो-बीड्सच (डिटर्जंट शोषून घेणारे प्लास्टिकचे मणी) लागतात, आणि तेही ताजे बदलून.