एमआरडी ‘निगेटिव्ह’ आली? थांबा, आधी या चुका टाळा

ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, उपचारानंतर मायक्रोस्कोपखाली मॅरोत (हाडांतल्या मगजात) ब्लास्ट म्हणजे अपक्व पेशी ५ टक्क्यांच्या आत आल्या की रेमिशन, म्हणजे आजार आटोक्यात, म्हणतात. एमआरडी, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या मोजक्या रोगट पेशी शोधणारी चाचणी, त्याच्या कितीतरी खाली उतरते आणि फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींवरच्या खुणा लेसरने वाचणारी पद्धत) दहा हजारांत एक रोगट पेशीही पकडते. प्रौढांच्या ल्युकेमियात आजार उलटेल का, याचा अंदाज देणारी याहून भरवशाची चाचणी थोडकीच. पण अंदाज चुकतो तेव्हा दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक सुई टोचतानाच होते. सुईतून पहिल्यांदा ओढलेली मॅरो स्लाइड, कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) अशी वाटली जाते आणि एमआरडीच्या वाट्याला तिसरी-चौथी ओढ येते. तीत मॅरो कमी, रक्तच जास्त. खऱ्या ०.०५ टक्क्यांचे ०.००५ दिसतात आणि रिपोर्ट निगेटिव्ह जातो. म्हणून पहिल्या ओढीतले ५ मिलिलिटर एमआरडीसाठी ठेवा, स्लाइडला त्यातलेच दोन-चार थेंब पुरतात. आणखी हवे असेल तर सुईची जागा बदला. मास्ट पेशी आणि लाल पेशींच्या केंद्रक असलेल्या पूर्वपेशी जवळजवळ नसतील, तर सॅम्पल पातळ झाले असे लॅबने रिपोर्टवर स्पष्ट लिहावे.

ट्यूब ईडीटीएची, म्हणजे जांभळ्या झाकणाची. हिरव्या झाकणातले हेपरिन फ्लोला चालते, पण पीसीआर (जनुकीय खुणा शोधणारी चाचणी) बिघडवते. फ्लोचे सॅम्पल गोठवू नका आणि ४८ तासांत लॅबमध्ये पोचवा. शनिवारी दुपारी काढून विदर्भातून मुंबईला कुरियर केलेले सॅम्पल सोमवारी उघडले, तर निम्म्या पेशी मेलेल्या असू शकतात. मे महिन्यात तर विचारूच नका.

रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’च्या आधी एकूण किती पेशी मोजल्या ते पाहा. रोगट पेशींचा घोळका ओळखायला निदान २० पेशी लागतात, म्हणजे ०.०१ टक्का गाठायला २ लाख आणि टक्केवारी नीट मोजायला ५ लाखांच्या वर. ८० हजारच मोजल्या असतील तर ०.०२५ टक्क्याच्या खालचे काही दिसणारच नव्हते.

निदानाच्या वेळचे सॅम्पल जपले नाही, तर पुढे शोधायचे काय हेच कळत नाही. रोगट पेशींची खूण किंवा नेमकी जनुकीय ओळख तेव्हाच ठरते. बी-एएलएलमध्ये (बी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात) केमोनंतर मॅरो सावरताना हेमॅटोगोन म्हणजे निरोगी कोवळ्या बी-पेशी वाढतात आणि ब्लास्टसारख्या भासतात; मूळ खूण माहीत नसेल तर गफलत होते. ब्लिनाट्युमोमॅब किंवा कार-टी (सीडी१९ ही बी-पेशीवरची खूण हेरणारे उपचार) दिले असेल तर ते फॉर्मवर लिहा. अशा उपचारानंतर पेशी सीडी१९ गमावू शकतात, आणि फक्त सीडी१९वर शोधणाऱ्या लॅबला त्या दिसत नाहीत. सीडी२२, सीडी२४ या दुसऱ्या खुणा घ्याव्या लागतात.

एएमएल या दुसऱ्या प्रकारच्या तीव्र ल्युकेमियाचे गणित वेगळे. फ्लोवर पॉझिटिव्ह मानायची रेषा ०.१ टक्का. डीएनएमटी३ए, टीईटी२, एएसएक्सएल१ या जनुकांतले बदल उतारवयात निरोगी माणसांतही असतात, त्यामुळे रेमिशनमध्ये एवढेच उरले तर त्याला एमआरडी समजून घाबरू नका. याउलट एनपीएम१ हे बदललेले जनुक विश्वासू. दुसऱ्या केमोनंतर रक्तात ते सापडले की तीन वर्षांत ८२ टक्के रुग्णांत आजार उलटला, सापडले नाही त्यांच्यात ३० टक्के, असे २०१६च्या ब्रिटिश अभ्यासात दिसले. हा ३० चा आकडा लक्षात ठेवा. निगेटिव्ह म्हणजे बरे झाले, असा अर्थ त्यातून निघत नाही.

एएलएलमध्येही तेच. ई१९१० या क्लिनिकल ट्रायलमध्ये ३० ते ७० वर्षांच्या, एमआरडी निगेटिव्ह झालेल्यांना केमोसोबत ब्लिनाट्युमोमॅब दिले, तेव्हा तीन वर्षांनी ८५ टक्के जिवंत होते. फक्त केमोवर ६८ टक्के. निगेटिव्ह आले म्हणून उपचार आवरता घेणे ही तितकीच मोठी चूक.

उलट बाजूही आहे. उपचार संपल्यावर एकदाच आलेल्या अगदी बारीक पॉझिटिव्हवर ट्रान्सप्लांटची धावाधाव नको. चार आठवड्यांच्या आत पुन्हा सॅम्पल घ्या, शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. आकडा दहापट वाढला तर तो आजार परतत असल्याचा इशारा. एनपीएम१ असेल तर उपचारानंतर दोन वर्षे दर तीन महिन्यांनी मॅरो, नाहीतर दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासा.