रश्श्याने तुंबलेले बर्नर असे मोकळे करा

कोल्हापुरात रविवारी मटण असतंच. तांबडा रस्सा उतू गेला की कट सरळ बर्नरच्या भोकांत उतरतो. गरम असताना कळत नाही, पण थंड झाल्यावर चरबी थिजते आणि मग एका बाजूनं जाळ, दुसऱ्या बाजूनं काहीच नाही. जाळ पिवळा पडला, भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, की बर्नर काढायची वेळ झाली.

आधी रेग्युलेटर बंद करा आणि शेगडी पूर्ण गार होऊ द्या. मग पितळी बर्नर उचलून घ्या.

बहुतेकजण इथं थेट लिंबू किंवा चिंच चोळतात. पितळ लखलखतं, पण भोकं बुजलेलीच राहतात, कारण आंबटानं चरबी सुटत नाही. म्हणून पहिल्यांदा कडकडीत पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून बर्नर अर्धा तास बुडवून ठेवा. पाण्यावर लालसर तवंग आला की समजा, चरबी सुटतेय. जुन्या टूथब्रशनं घासा, धुवा आणि त्यानंतरच चिंचेच्या कोळात मीठ घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवा.

आता बर्नर खिडकीसमोर धरा. मोकळ्या भोकातून उजेडाचा ठिपका दिसतो. जिथं दिसत नाही, तिथं बारीक तार आतबाहेर करा. काडीपेटीची काडी नको, ती आत मोडते.

शेगडीच्या आत, नॉबच्या तोंडाशी असलेल्या जेटला, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीला, मात्र सुई लावू नका. मी एकदा लावली होती. भोक मोठं झालं, गॅस जास्त येऊ लागला, जाळ पिवळा होऊन वर उसळला आणि शेवटी जेटच बदलावा लागला. जेट तुंबला असेल तर मेकॅनिकला दाखवा.

बर्नर बसतो ती नळी अॅल्युमिनियमची असेल तर तिला चिंच लावू नका, नुसता कोरडा ब्रश फिरवा. कधीकधी आत कोळ्याचं जाळं निघतं आणि खरा अडथळा तोच असतो.

बर्नर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. इथल्या पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा रात्रभर पंख्याखाली पालथे ठेवा. बसवताना बर्नर डुगडुगता कामा नये. मग पेटवून बघा, सगळीकडून सारखा निळा जाळ यायला हवा.

रबरी नळीवरची तारीखही तेव्हाच बघून घ्या, पाच वर्षं झाली असतील तर ती बदलायची. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा.