एन्ड्युरन्स राइड म्हणावी ती किती किलोमीटरची? अंतर ठरवण्याची आणि तिथवर पोहोचण्याची पद्धत

कोल्हापुरात घोडा पाळणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्याबरोबर 20-25 किलोमीटरच्या रपेटीलाही एन्ड्युरन्स राइड, म्हणजे घोड्याच्या दमाची कसोटी पाहणारी लांब पल्ल्याची स्वारी, म्हणण्याची पद्धत रूढ होऊ लागली आहे. अशी रपेट चांगलीच असते, परंतु तिला हे नाव दिल्यामुळे नवा स्वार आपला घोडा तयार झाला असे समजतो आणि पुढच्याच महिन्यात त्याला झेपणार नाही अशा अंतरावर उतरवतो. म्हणून अंतराची व्याख्या आधी पक्की करावी.

माझ्या मते एकाच दिवसात, टप्प्याटप्प्यावर पशुवैद्यकीय तपासणी घेत पार केलेले किमान 80 किलोमीटर अंतर हीच एन्ड्युरन्सची खालची मर्यादा मानावी. अमेरिकेतील एन्ड्युरन्स संघटना 50 मैल, म्हणजे हेच अंतर धरते आणि 25 ते 35 मैलांच्या स्वाऱ्यांना मर्यादित अंतराचा वेगळा वर्ग देते. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाची एकतारांकित स्पर्धा 100 किलोमीटरपासून सुरू होते, तर सर्वांत वरच्या वर्गात एका दिवसात 140 ते 160 किलोमीटर जावे लागते. कॅलिफोर्नियात 1955 साली सुरू झालेली टेव्हिस कप ही डोंगरातली शर्यत 100 मैलांची असून ती 24 तासांत पूर्ण करायची असते.

ही मर्यादा 80 वर ठेवण्याचे कारण घोड्याच्या शरीरात आहे. तंदुरुस्त घोडा 40 किलोमीटर अंतर बऱ्याच अंशी सकाळच्या खाण्यापाण्यावर आणि अंगातल्या साठ्यावर काढू शकतो, त्यामुळे स्वाराच्या चुका झाकल्या जातात. त्यापुढे मात्र वाटेत पाणी पिणे, चारा खाणे आणि विश्रांतीत नाडी खाली येणे यांवरच सारे अवलंबून असते. घोड्याच्या घामातून पाण्याबरोबर क्षारही मोठ्या प्रमाणात जातात, म्हणून पाणी कमी झालेल्या घोड्याला पुरेशी तहान लागेलच असे नाही. दोन दिवसांत वाटून केलेल्या 80 किलोमीटरमध्ये रात्रभराची विश्रांती मिळते, त्यामुळे ही कसोटी लागत नाही.

तयारीची पहिली पायरी 20 किलोमीटरची ठेवावी आणि ती आठवड्याच्या सरावात सहज जमू लागल्यावर 40 कडे जावे. कोल्हापूर ते पन्हाळा हे अंतर साधारण 20 किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 40 होतात. परंतु गडाची चढण सुमारे 400 मीटरची असल्यामुळे हे 40 किलोमीटर नदीकाठच्या सपाट 40 किलोमीटरपेक्षा बरेच जड जातात. चढणीवर घोडा चालीनेच न्यावा आणि उतारावर शक्य तिथे स्वाराने खाली उतरून लगाम हाती धरून चालावे. डांबरी रस्ता टाळून पाणंदीने जावे, कारण कडक रस्त्यावरची दुडकी खुरांना आणि सांध्यांना बाधते. ऊस गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते, तेव्हा वाट आदल्या दिवशी स्वतः पाहून यावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. एप्रिल-मेच्या उन्हात लांब अंतर काढूच नये.

80 किलोमीटरचे 30, 30 आणि 20 असे तीन टप्पे करावेत, मध्ये किमान 40 मिनिटांची विश्रांती द्यावी आणि पहिल्या वेळी ताशी 10 ते 12 किलोमीटरच्या वर जाऊ नये. टप्पा संपताच तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करावा, खोगीर उतरवावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि घोड्याला पिऊ द्यावे. दमलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये असे आपल्याकडे अजूनही सांगितले जाते, पण लांब अंतराच्या स्वारीत या समजुतीने घोड्याचे नुकसानच होते.

तपासणी अशी करावी. डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून 15 सेकंद ठोके मोजावेत आणि त्याला चारने गुणावे. पोहोचल्यापासून 15 मिनिटांत नाडी 64 किंवा त्याखाली आली पाहिजे. विश्रांतीतल्या घोड्याची ती साधारण 28 ते 44 असते. त्यानंतर घोडा हातात धरून सुमारे 40 मीटर दुडकीने नेऊन परत आणावा आणि निघाल्यापासून बरोबर एक मिनिटाने पुन्हा मोजावे. दुसरा आकडा पहिल्याइतका किंवा कमी असेल तर घोडा सावरतो आहे. तो चार ठोक्यांपेक्षा जास्त वाढला असेल तर थकवा, पाण्याची कमतरता किंवा वेदना आहे असे समजून पुढचा टप्पा सोडावा. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतला पाहिजे, कुशीला कान लावल्यावर आतड्यांचा आवाज आला पाहिजे आणि दुडकीत पाऊल लचकता कामा नये. लघवी गडद तांबूस झाली, तर घोडा जागचा न हलवता पशुवैद्यकाला तिथेच बोलवावे. डॉक्टर सोबत नसतील तर 80 किलोमीटरचा बेत आखूच नये.

ही स्वारी घोड्याने सुदृढ राहून पूर्ण केली, तरच ते अंतर त्याच्या नोंदवहीत एन्ड्युरन्स म्हणून लिहावे. स्नायूंतला ऊर्जेचा साठा भरून यायला दोन ते तीन दिवस लागतात, तेवढे दिवस केवळ मोकळे फिरवणे आणि चारा-पाणी एवढेच ठेवावे, आणि पुढचे लांब अंतर किमान दोन आठवड्यांनी घ्यावे. गगनबावड्याला जाऊन परत येण्याचे सुमारे 110 किलोमीटर हे एकतारांकित वर्गातले अंतर आहे. निदान दोन-तीन वेळा 80 निर्वेध पार पडल्याशिवाय त्याचा विचार करू नये.