मानेची भेदक जखम: कोड टाकण्याआधी चार्टमध्ये काय शोधायचं

मी मेडिकल कोडर आहे: रुग्णाच्या चार्टमधून, म्हणजे उपचारांच्या नोंदींमधून, विम्याच्या क्लेमसाठी कोड टाकते. मानेच्या जखमेचा चार्ट उघडला की मी आधी एक शब्द शोधते, प्लॅटिस्मा. कातडीच्या लगेच खाली पसरलेला हा पातळ स्नायू आहे. तो फाटला असेल तरच सर्जन जखमेला भेदक म्हणतात. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या निदानांच्या यादीतल्या कोडमध्ये त्याचं नावही नाही, पण तो फाटल्याची नोंद नसेल तर मान उघडून तपासायची गरज का पडली, हे क्लेम वाचणाऱ्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट झोनची. हाताखाली शिकायला येणारा प्रत्येक जण इथे अडखळतो. झोन म्हणजे मानेचे खालून वर पाडलेले तीन भाग. गळपट्टीच्या हाडापासून क्रिकॉइड कूर्चेपर्यंत (स्वरयंत्राच्या तळाची कडी) झोन एक, तिथून जबड्याच्या कोनापर्यंत झोन दोन आणि त्याच्या वर कवटीच्या तळापर्यंत झोन तीन. डॉक्टरांना झोन फार कामाचा असतो, कारण आत कुठली रचना सापडू शकते हे त्यावरून ठरतं. कोडला मात्र झोन समजत नाही. त्याला अवयव, बाजू आणि जखमेचा प्रकार लागतो.

माझ्या सुरुवातीच्या काळातला एक चार्ट अजून आठवतो. इमर्जन्सीच्या नोटमध्ये ‘मानेची भेदक जखम, झोन दोन, डावीकडे, सुरीचा वार’ एवढंच होतं. मी मानेच्या अनिर्दिष्ट भागाचा कोड, एस ११.९१एक्सए, टाकून मोकळी झाले. कोडिंगच्या तपासणीत चार्ट परत आला. ऑपरेशन नोटमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: डावी इंटर्नल ज्युग्युलर शीर (डोक्यातलं रक्त हृदयाकडे नेणारी मानेतली मोठी शीर) अर्धवट कापलेली, टाके घालून शिवली. जिच्यासाठी तो माणूस रात्री थिएटरमध्ये गेला, ती दुखापत माझ्या कोडमध्ये नव्हतीच. तेव्हापासून मी ऑपरेशन नोट आधी वाचते आणि इमर्जन्सीची नोट नंतर.

त्या चार्टचं बरोबर कोडिंग असं होतं. शिरेसाठी एस १५.३१२ए, म्हणजे डाव्या इंटर्नल ज्युग्युलर शिरेची किरकोळ लॅसरेशन, म्हणजे कापल्याची जखम. ‘किरकोळ’ वाचून नवीन कोडर बिचकतात, कारण रक्त तर भरपूर गेलेलं असतं. पण हा शब्द रक्तस्रावाचं माप नाही. रक्तवाहिनी अर्धवट कापली असेल, किंवा नुसतं ‘लॅसरेशन’ लिहिलं असेल, तर किरकोळ. पूर्ण तुटली किंवा आघातानं फुटली असेल तर मोठी, म्हणजे इथे एस १५.३२२ए. सर्जननं ‘अर्धवट’ की ‘पूर्ण’ हे लिहिलंय का, ते शोधायलाच हवं. शिरेच्या जोडीला एस ११ मधला उघड्या जखमेचा कोडही द्यावा लागतो. मुख्य दुखापत रक्तवाहिनीची असेल तर ती आधी येते. मुख्य दुखापत दुसरी असून रक्तवाहिनीला किंवा मज्जातंतूला (नर्व्हला) थोडंसंच लागलं असेल, तर क्रम उलटा होतो.

एस ११ मध्ये स्वरयंत्र, श्वासनलिका, स्वरतंतू आणि थायरॉइड यांना वेगवेगळ्या जागा आहेत; घसा आणि मानेतली अन्ननलिका यांना मिळून एकच. प्रत्येक ठिकाणी पुन्हा प्रश्न येतो: लॅसरेशन, पंक्चर (भोसकल्याची जखम) की चावा? लॅसरेशन किंवा पंक्चर असेल तर आत बाहेरची वस्तू राहिली का? सुरी रुग्ण येण्याआधीच निघालेली असेल आणि आत काही राहिलं नसेल, तर ‘वस्तूसह’ लावू नका. गोळीचा तुकडा आत असेल तर लावा. कोड सहा अक्षरांपेक्षा लहान असेल तर रिकाम्या जागी एक्स भरायचा, कारण ए, डी किंवा एस हे सातव्याच जागी बसतं.

त्या सातव्या अक्षराबद्दल एक गैरसमज मी रोज बघते. ए म्हणजे पहिली भेट नव्हे. ए म्हणजे सक्रिय उपचार चालू आहेत. एका रुग्णालयातून दुसरीकडे शस्त्रक्रियेसाठी पाठवलेल्या रुग्णालाही तिथे ए-च लागतो. टाके काढायला आलेल्याला डी. काही महिन्यांनी त्याच जखमेमुळे एका बाजूचा स्वरतंतू लुळा राहिला असेल, तर आधी त्या लुळेपणाचा जे३८.०१ आणि मग मूळ दुखापतीचा कोड, सातव्या जागी एस (जुन्या दुखापतीचा मागे राहिलेला परिणाम) लावून.

प्रोसीजरकडे या. सीपीटी या प्रोसीजरच्या कोडच्या यादीत मानेच्या भेदक जखमेच्या तपासणीला २०१०० आहे. जखम वाढवून आत शोध घेणं, मेलेला भाग काढणं, आतली वस्तू काढणं, लहान रक्तवाहिन्या बांधणं, हे सगळं त्यातच धरलेलं असतं. पण तो ‘स्वतंत्र प्रोसीजर’ म्हणून नोंदलेला कोड आहे. त्याच जागी शीर शिवली तर मानेच्या रक्तवाहिनीच्या थेट दुरुस्तीचा ३५२०१ येतो आणि शोध त्यातच सामावतो. दोन्ही लावले तर क्लेम नाकारला जाण्याची दाट शक्यता. जखम वाढवलीच नाही, नुसती धुऊन शिवली, तर २०१०० नाहीच; मग टाक्यांचे कोड, आणि त्यासाठी सेंटिमीटरमध्ये लांबी लागते. ती नोंदवली नसेल तर मी डॉक्टरांना विचारते, अंदाज करत नाही.

विचारण्याचीही रीत आहे. ‘शीर पूर्ण तुटली होती ना?’ असा प्रश्न चालत नाही, कारण उत्तर आपणच सुचवतो. ‘ऑपरेशन नोटमध्ये शिरेची दुखापत आहे, तिचा प्रकार आणि प्रमाण कृपया स्पष्ट करावं’ असं लिहावं.

शेवटी बाह्य कारण. इथे मी सगळ्यात हळू वाचते. सुरी तीच, पण हल्ला असेल तर एक्स ९९.१, स्वतःहून केलेली इजा असेल तर एक्स ७८.१, अपघात असेल तर डब्ल्यू २६.०. हेतू लिहिलाच नसेल तर नियमानुसार अपघात धरतात. ‘अनिश्चित हेतू’चा वाय २८.१ फक्त तेव्हाच, जेव्हा हेतू ठरवता येत नाही असं डॉक्टरांनी नोंदवलेलं असतं. जखमेच्या जागेवरून हेतू ताडणं हे आपलं काम नाही. एका चुकीच्या कोडमुळे कुणाच्या नोंदीत स्वतःला इजा केल्याचं कायमचं लागू शकतं, किंवा ज्याला मानसोपचाराची गरज आहे त्याची नोंद निव्वळ अपघात म्हणून पुढे जाते. म्हणून समाजसेविकेची नोट आणि नर्सची नोंद मी वाचते, आणि ती डॉक्टरांच्या नोटशी जुळत नसेल तर कोड टाकण्याआधी चार्ट थांबवून डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवते.