रीमॅप केलेली टर्बो गाडी गरम होतेय? दोष कसा शोधायचा

रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलून, बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवला, बंपरमागे ती हवा गार करणारा मोठा इंटरकूलर बसवला आणि एप्रिलमध्ये तापमानाचा काटा वर सरकू लागला, की बहुतेक जण आधी मोठा ॲल्युमिनियम रेडिएटर मागवतात. तो शेवटचा उपाय आहे. गाडी नेमकी केव्हा गरम होते हे आधी पाहा, पार्ट नंतर.

रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर फुल करा, ॲक्सिलरेटर सोडून गाडी कडेला घ्या. वाफ दिसली किंवा तापमान 115 अंशांच्या वर गेलं तर इंजिन बंद. कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) कॅप तासभर तरी उघडू नका. तापलेल्या इंजिनवर गार पाणी तर मुळीच ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं किंवा तडकतं. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो, हात लांब ठेवा.

पायरी 1: खरं तापमान वाचा

डॅशबोर्डचा काटा फसवतो. बऱ्याच गाड्यांत साधारण 75 ते 105 अंशांपर्यंत तो मधोमधच उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला (डॅशबोर्डखालच्या तपासणीच्या सॉकेटला) डोंगल लावून मोबाइलवर कूलंटचं तापमान, इंटेकच्या हवेचं तापमान आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हे तिन्ही आकडे लॉग करा, म्हणजे नोंदवून ठेवा. एक लक्षात ठेवा: कूलंट इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडला, तर तो वाफेचं तापमान वाचतो आणि आकडा उलट खाली येतो. इंजिन तापलेलं वाटतंय आणि आकडा घसरतोय, असं झालं तर लगेच बंद करा.

पायरी 2: केव्हा तापते?

इंदूरच्या राजवाडा-सराफ्याच्या गर्दीत तापते, पण बायपासवर 80 च्या वेगाला निवळते, म्हणजे दोष पंख्यात किंवा हवेच्या वाटेत आहे. रांगत्या गाडीत बूस्ट नसतोच, तेव्हा रीमॅप केलेलं इंजिन कंपनीच्या इंजिनाइतकीच उष्णता देतं. त्यामुळे गर्दीतल्या तापण्याचं खापर वाढवलेल्या पॉवरवर फोडू नका.

उलट, घाटात, गुजरीहून मानपूरकडे वर चढताना तापते आणि शहरात ठीक राहते, तर कूलंटचा प्रवाह कमी आहे, रेडिएटर आतून चोंदलाय किंवा ट्यून (रीमॅपची सेटिंग) चुकलंय. सुरू केल्यावर दहा मिनिटांतच तापते आणि रेडिएटर मात्र गारच, तर थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बंदच अडकलाय. तापलेली असताना हीटर गार हवा देतो, तर कूलंट कमी आहे किंवा लाइनमध्ये हवा धरली आहे.

पायरी 3: थंड इंजिनवरची तपासणी

सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. टाकीतली पातळी बघा, होजच्या क्लिपांपाशी पांढरट किंवा गुलाबी सुकलेले डाग शोधा. टर्बोला जाणाऱ्या कूलंटच्या बारीक पाइपांचे जोड आणि वॉशर विसरू नका. मॉडिफाय करताना हेच जोड सर्वांत जास्त उघडले जातात.

कॅप स्वस्त असते म्हणून दुर्लक्षित राहते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर आहे, इथे साधं पाणी 98 अंशांनाच उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण दाबाशिवाय 105-106 ला उकळेल, पण 1.1 बार दाबाची कॅप धड असेल तर तेच 125 च्या पुढे जातं. रबर कडक झालं असेल तर कॅप बदला, मात्र तेवढ्याच बारची घ्या. जास्त दाबाची लावली तर प्लॅस्टिकची टाकी किंवा जुना होज फुटतो.

नंतर हातपंपाच्या प्रेशर टेस्टरने कॅपवर छापलेल्या आकड्याइतका दाब द्या आणि 15 मिनिटं थांबा. काटा उतरला तर गळती आहे. बाहेर ओल नसेल तर गाडीतलं कार्पेट चाचपा, हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) तिथेच गळतो.

पायरी 4: हवेची वाट

मॉडिफाय केलेल्या गाड्यांत सर्वाधिक दोष इथे सापडतात. हवा आळशी असते, सोपी वाट मिळाली की रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. इंटरकूलर बसवताना कडेचे प्लॅस्टिकचे हवा-मार्गदर्शक कापले जातात, खालचं कव्हर काढून ठेवलं जातं, मग हवा कडेने आणि खालून पळते. बोनट उघडून बंपरपासून रेडिएटरपर्यंत टॉर्च मारा. बोट जाईल एवढी प्रत्येक फट 10 मिमी जाडीच्या बंद छिद्रांच्या फोमने किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बुजवा. खालचं कव्हर परत लावा. समोरचे जास्तीचे दिवे आणि हॉर्न बाजूला सरकवा.

मग कचरा. माळव्यात मार्च-एप्रिलमध्ये गव्हाच्या काढणीचा भुसा हवेत असतो आणि तो एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत नमद्यासारखा बसतो. समोरून पाहिलं तर सगळं स्वच्छ दिसतं. वरचे ब्रॅकेट काढून कंडेन्सर पाइप न ताणता जरा पुढे झुकवा आणि बागेच्या नळीने इंजिनकडून पुढच्या दिशेला पाणी मारा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पाती आडवी होतात.

पंखा तपासायला एसी लावा, बहुतेक गाड्यांत त्याबरोबर पंखा फिरतो. समोर कागद धरा, तो ओढला जायला हवा. ढकलला जात असेल तर वायरी उलट जोडल्यात. दोन वेग असतील तर दोन्ही तपासा: हळूवरच चालत असेल तर फुल वेगाचा रिले गेलाय, फुलवरच चालत असेल तर रेझिस्टर. पंखा फुल फिरताना त्याच्या प्लगवरचं आणि बॅटरीवरचं व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक म्हणजे वायर बारीक आहे किंवा अर्थिंग खराब. पंख्याभोवतीचं आवरण काढून टाकलं असेल तर पंखा फक्त त्याच्यासमोरच्या गोल भागातूनच हवा ओढतो, कोपरे गरमच राहतात.

पायरी 5: कूलंटचा प्रवाह

थर्मोस्टॅट काढून दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळता ठेवा, थर्मामीटरसकट. 82 अंश छापलेला असेल तर त्याच्या आसपास उघडू लागला पाहिजे आणि 95 च्या सुमाराला पूर्ण. 87 चा मात्र इथे पाणी उकळलं तरी पूर्ण उघडलेला दिसणार नाही, तो खराब समजून फेकू नका. थर्मोस्टॅट काढून गाडी चालवायचा सल्ला ऐकू नका: ज्या इंजिनांत तोच बायपासची वाट बंद करतो, त्यांत कूलंट रेडिएटर टाळून फिरत राहतं.

वॉटर पंपाचा बेल्ट बघा. हलकी, लहान क्रँक पुली लावली असेल तर पंप हळू फिरतो, गर्दीत त्याचा फटका बसतो. खालचा होज मऊ पडला असेल तर जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीने चपटा होतो. गाडी उभी करून 4000 आरपीएमला ठेवा आणि दुसऱ्याला टॉर्चने बघायला सांगा.

रेडिएटर आतून चोंदलाय का, ते इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. चकचकीत ॲल्युमिनियम खोटा आकडा देतं, म्हणून काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा. मध्येच गार पट्टे आढळले तर त्या नळ्या बंद आहेत. बोअरवेलच्या पाण्यावर चाललेल्या गाड्यांत हा क्षार नेहमीचा.

पायरी 6: भरणं आणि हवा काढणं

मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचंच कूलंट, डिस्टिल्ड वॉटरबरोबर 50:50. नुसतं कूलंट ओतल्याने गारवा वाढत नाही, ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतो. वेगवेगळ्या जातीची कूलंट मिसळू नका. गाडीचं नाक उंच करा, हीटर फुल गरमवर, हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर उघडा, नरसाळं लावून हळू भरा. पंखा दोनदा सुरू-बंद होईपर्यंत चालवा, थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरा. काढलेलं कूलंट गटारात किंवा उघड्यावर टाकू नका. ते गोड लागतं, गाई-कुत्री पितात आणि मरतात.

पायरी 7: ट्यून

लॉगमध्ये चढावर टायमिंग वारंवार मागे येत असेल तर नॉक होतोय, म्हणजे इंधन आपोआप स्फोटासारखं पेटतंय. नॉकमुळे ज्वलनाची उष्णता हेड आणि पिस्टनमध्ये जास्त शिरते. टायमिंग मागे गेलं की एक्झॉस्टही तापतो. फुल बूस्टला हवा-पेट्रोलचं मिश्रण, म्हणजे एक भाग पेट्रोलला हवेचे भाग, साधारण 11.5 ते 12.5 असावं. 14 च्या जवळ दिसलं तर फ्युएल पंप, फिल्टर, इंजेक्टर तपासा आणि तोवर बूस्ट कंपनीच्या पातळीवर आणा. हे सगळं ठीक असूनही लांब चढावर तापतच असेल, तेव्हा जाड रेडिएटर आणि थर्मोस्टॅटवाला ऑइल कूलर.

पायरी 8: हेड गॅस्केट

थंड इंजिन सुरू करताच मिनिटभरात वरचा होज दगडासारखा टणक होणं, टाकीत सतत बुडबुडे, ऑइलमध्ये दुधाळ फेस, गोडसर वासाचा पांढरा धूर: यांतलं काही दिसलं तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याचा संशय घ्या आणि ब्लॉक टेस्ट करा. टाकीच्या तोंडावरच्या नळीतला निळा द्रव पिवळा झाला म्हणजे ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतोय. कमी बूस्टला तो येईलच असं नाही, म्हणून चढ चढून आल्यावर, कॅप सुरक्षितपणे उघडता येईल इतकी गाडी गार होऊ द्या आणि पुन्हा सुरू करून चाचणी करा. हेड उतरवलं तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) सपाटपणा मोजा. बऱ्याच छोट्या इंजिनांना 0.05 मिमीची मर्यादा असते, तुमच्या इंजिनाची मॅन्युअलमध्ये बघा. ताणले जाणारे हेड बोल्ट पुन्हा वापरू नका, नवेच घ्या आणि मॅन्युअलमधल्या क्रमाने, टॉर्क आणि अंशांच्या टप्प्यांत आवळा.