स्वरलिपी वाचताना या चुका टाळा: आधी खालची ओळ बघा

ग्वाल्हेरात १९१८ साली संगीतशास्त्रज्ञ पंडित विष्णु नारायण भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं. इथल्या विद्यार्थ्याच्या हाती आजही बहुधा त्यांचीच स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहायची पद्धत, पडते, आणि नवशिके त्याच त्याच जागी अडखळतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पानावरचा पहिला स्वर समेचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचा, धरणं. सोळा मात्रांच्या त्रितालातले कितीतरी छोटे ख्याल नवव्या मात्रेपासून, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायच्या ‘खाली’पासून उठतात. तिथे स्वरांखाली ०, ३, ×, २ असा क्रम असतो: ० म्हणजे खाली, × म्हणजे सम, २ आणि ३ बाकीच्या टाळ्या. सम तिसऱ्या खंडात. गणेशोत्सवात एका मुलानं अशी बंदिश समेपासून घोकून आणली होती. घरी तबला नव्हता, म्हणून कुणाला पत्ता नाही. मंचावर तो समेलाच उठला आणि मुखड्याची, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीची, सम तालाच्या दर आवर्तनात ‘खाली’च्या मात्रेवर आपटत राहिली. तबलजीनं डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, अखेर स्वतःच ठेका फिरवून घेतला. स्वर मात्र सगळे बरोबर!

पेटीला हात लावण्याआधी पेन्सिलीनं × भोवती गोल करा. मग १, ५, १३ वर टाळी आणि ९ वर खाली देत बंदिशीचे नुसते बोल म्हणा. दहा आवर्तनं बिनचूक झाली की पेटी उघडा. ‘आधी चाल बसवतो, ताल नंतर बघू’ म्हणणाऱ्यांना दोन्ही पुन्हा बसवावं लागतं.

रेघ आणि अर्धचंद्र यांतही गोंधळ होतो. ‘सा – रे –’ या चार मात्रा. ‘सारे’खाली अर्धचंद्र असेल तर दोन्ही स्वर एकाच मात्रेत, अर्धे-अर्धे. अर्धचंद्रावर ‘–ग’ असेल तर गंधार मात्रेच्या उत्तरार्धात येतो. रेघ म्हणजे श्वास घ्यायची जागा नव्हे, तिथे आधीचा स्वर धरायचा. बोलांच्या ओळीतला ऽ तेच सांगतो.

व्हॉट्सॲपवर टाइप होऊन आलेली स्वरलिपी वापरू नका. कोमल स्वराखालची रेघ आणि सप्तकाची टिंबं त्यात गळतात. भीमपलास रागातले कोमल ग, नि शुद्ध लागतात आणि मग राग जमत नाही म्हणून रडायचं.

जुन्या पुस्तकात खालीला + दिसलं, तर ती विष्णु दिगंबर पलुसकरांची स्वरलिपी पद्धत. तिथे स्वरावरचं टिंब मंद्राचं (खालच्या सप्तकाचं), भातखंड्यांकडे तारसप्तकाचं (वरच्या).

कंसातला स्वर आजूबाजूच्या स्वरांसह घ्यायचा: (प) म्हणजे धपमप. कंस गाळू नका.

पेटीच्या पट्ट्यांवर सा-रे-ग च्या चिठ्ठ्या चिकटवल्या असतील तर आजच काढा. काळी एकवरून काळी चारला गेलात की एकही चिठ्ठी खरी राहत नाही. गोंद राहतो तो वेगळाच.