दोन वूफर जोडण्याआधीची तयारी

पुढच्या आठवड्यात धाकट्या भावाच्या बोलेरोत दोन वूफर (जाड, बासच्या आवाजाचे स्पीकर) बसवायचे आहेत आणि मागच्या उन्हाळ्यात माझ्या गाडीत जे झाले ते त्याच्या गाडीत होऊ नये, म्हणून ही यादी लिहून ठेवत आहे. पक्कड, पाने, टेप, केबल टाय कोणीही विसरत नाही. विसरला जातो तो विजेची मोजमापे घेणारा मल्टिमीटर. घरात नसेल तर मोटारपंप दुरुस्त करणाऱ्याकडून मागून आणावा, पण तो हाती आल्याशिवाय कामाला हात लावू नये.

माझ्या दोन्ही वूफरच्या मागे ४ ओहम (विजेला होणाऱ्या विरोधाचे माप) छापलेले होते. दोन समांतर जोडले की २ ओहम होतात आणि माझा मोनो (एकाच चॅनलचा) अ‍ॅम्प्लिफायर कमीत कमी २ ओहमपर्यंत चालतो, असा हिशेब मी तोंडीच केला. पण वूफर डबल कॉइलचे (पडदा हलवणारी तारेची दोन वेटोळी असलेले) होते. प्रत्येकात ४ ओहमच्या दोन, अशा एकूण चार कॉइल मी समांतर जोडल्या आणि भार १ ओहमवर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या मर्यादेच्या खाली आला. मीटरने हे दोन मिनिटांत दाखवले असते. मी मोजले नाही. परतवाड्याला पोहोचेपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरवरचा प्रोटेक्टचा (धोक्याचा) लाल दिवा दोनदा लागला, तरी मी आवाज थोडा कमी करून पुढे गेलो, आणि परत येताना कापसाच्या पैशातून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर जळाला.

म्हणून खरेदीच्या आधीच अ‍ॅम्प्लिफायर कमीत कमी किती ओहमवर चालतो ते त्याच्या पुस्तिकेत पाहावे आणि त्याला जुळणारे वूफर घ्यावेत. ४ ओहमच्या डबल कॉइलच्या दोन वूफरच्या चारही कॉइल, दोन्ही वूफर सारखेच ठेवून जोडल्या, तर भार १, ४ किंवा १६ ओहमच होतो, २ कधीच होत नाही. तेव्हा २ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर प्रत्येक वूफरच्या दोन कॉइल एकसर (एकीमागे एक) आणि मग दोन्ही वूफर समांतर, असे जोडून ४ ओहम घ्यावेत. नेमके २ ओहम हवे असतील, तर २ ओहमच्या डबल कॉइलचे वूफर घेऊन अशीच जोडणी करावी. चार चॅनलच्या अ‍ॅम्प्लिफायरचे दोन चॅनल ब्रिज करणार (एकत्र जोडून एकच करणार) असाल, तर एका चॅनलला २ ओहम चालतात म्हणून ब्रिजलाही चालतील असे समजू नका. तिथे बहुधा ४ ओहम ही किमान मर्यादा असते. दोन्ही वूफर एकाच मॉडेलचे असावेत.

आता मोजणे. पेटीतली जोडणी पूर्ण झाल्यावर, पण वायर अ‍ॅम्प्लिफायरला लावण्याआधी, तिच्या दोन मोकळ्या टोकांवर मीटर धरावा. आधी मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करावा. ४ ओहमच्या भाराला मीटर साधारण ३ ते ३.७ दाखवतो, ते बरोबर आहे. १ च्या आसपास दाखवत असेल तर तिथेच थांबा. पेटी गाडीत ठेवल्यावर पुन्हा मोजा, कारण उचलताना एखादी तार निसटते किंवा शेजारच्या तारेला टेकते. दुकानदाराने मोजून दिले असेल तरीही मोजा.

बॅटरीपासून येणाऱ्या मुख्य वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवा. तो वायरचे संरक्षण करतो. फ्यूजशिवाय ती वायर कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटू शकते. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबराची चकती लावावी. ५०० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, त्यामुळे अस्सल तांब्याची जाड वायर घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून विकली जाते, तेव्हा टोक खरवडून पाहावे. आतून पांढरी निघाली तर परत करावी. अर्थिंगची वायर आखूड असावी आणि तिच्याखालचा रंग चकाकता पत्रा दिसेपर्यंत घासावा.

आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून अधिक होतो. अ‍ॅम्प्लिफायर हवा खेळेल अशा जागी बसवावा, वूफरच्या पेटीवर नको.

ऑडिओची वायर मुख्य वायरच्या विरुद्ध बाजूने. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या वायरला क्षणभर लावून दोन्ही वूफरचे पडदे एकाच दिशेने हलतात का ते पाहावे. अ‍ॅम्प्लिफायरवर गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते) सर्वांत कमी, लो-पास (फक्त जाड आवाज पुढे सोडणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, बास बूस्ट बंद. बॅटरीची वायर सर्वांत शेवटी, आणि ती लावण्याआधी भावाने मीटरचा आकडा मला फोनवर सांगावा.